पहाटेचे मकतब आणि अकराची शाळा

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी वर्गात शिक्षणाविषयी चर्चा चालू असताना शेजारच्या बाकावरील मैत्रिणीने मला सहज विचारले, "तू मदरशात होतीस का गं?" प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. मी आधी "हो" म्हणाले आणि लगेच "नाही" म्हणाले. ती हसली. पण माझी दोन्ही उत्तरे खरी होती, आणि ती खरी कशी हे तास संपेपर्यंत मला तिला सांगता आले नाही. ते येथे सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम शब्दांचा घोळ सोडवू. मराठी वर्तमानपत्रांत मुसलमान मुले जेथे धर्म शिकतात त्या प्रत्येक जागेला सरसकट 'मदरसा' म्हटले जाते. अरबी भाषेत 'दर्स' म्हणजे धडा आणि 'मदरसा' म्हणजे धडा देण्याचे ठिकाण, अर्थात साधी शाळा. महानगरपालिकेच्या उर्दू शाळेतील मुख्याध्यापकांना आजही 'सदर मुदर्रिस' म्हणतात, तेही त्याच धातूतून आले आहे. त्यांचा धर्मशिक्षणाशी संबंध नसतो. आपल्याकडे मात्र रोजच्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मशिदीत किंवा कोणाच्या घरी तास-दीड तास भरते ते मकतब. पूर्ण वेळ आणि बहुधा राहून-जेवून धर्मविद्या शिकवली जाते तो मदरसा. आणि तिसरी शाळा, मग ती मराठी, उर्दू वा इंग्रजी कोणत्याही माध्यमाची असो. मी मकतबात होते, मदरशात नव्हते, आणि शिकले मराठी शाळेत. म्हणून "हो" आणि "नाही".

जुन्या नाशकात, दूध बाजार, चौक मंडई या बाजूला पहाटे कोणी फिरले तर फज्रची नमाज संपल्यावर लहान मुलांच्या घोळक्याचा एकसुरी आवाज त्याच्या कानी पडेल. मुलगे मशिदीत बसतात. आम्ही मुली गल्लीतल्या आपांकडे जात असू. आपा म्हणजे शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर दोन रांगांत आम्ही बसायचो. प्रत्येकीपुढे रिहल, म्हणजे पुस्तक ठेवण्याची लाकडी घडीची बैठक. सुरुवात 'कायद्या'ने होते. कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक. लुधियान्याच्या मौलाना नूर मुहंमद यांनी तयार केलेला 'नूरानी कायदा' बहुतेक ठिकाणी चालतो. पाचवीत नागरिकशास्त्राच्या बाईंनी "कायद्यापुढे सर्व समान" असे सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपांची सतरंजीच आली होती.

अक्षरे जोडून म्हणायची असतात. 'बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु.' हे झाले की घरी येऊन चहा-खारी, दप्तर, आणि अकरा वाजता शाळेत 'बे एके बे, बे दुणे चार'. सकाळचे 'बे' हे अक्षर आणि दुपारचे 'बे' हा पाढा. दोन्हींत माझी गल्लत कधी झाली नाही. लहान मुलाच्या डोक्यात किती कप्पे असतात याचे मोठ्यांना उगाच आश्चर्य वाटते.

कायदा संपला की 'अम्म पारा'. कुराणाचे तीस भाग आहेत, त्यांना पारे म्हणतात. शेवटच्या, तिसाव्या पाऱ्यात लहान लहान सूरा असल्याने मुलांची सुरुवात तेथून होते. मग पहिल्या पाऱ्यापासून क्रमाने सारे कुराण पाहून वाचायचे, याला 'नाझरा' म्हणतात. बरोबरीने नमाजची रीत, काही दुआ, स्वच्छतेचे नियम, पैगंबरांच्या गोष्टी. साधारण तीन-चार वर्षांत मूल एकदा कुराण पूर्ण करते. त्या दिवशी घरी मिठाई वाटतात. माझे पूर्ण झाले तेव्हा मी पाचवीत होते. अब्बा फळांची गाडी लावतात, त्यांनी त्या दिवशी आपांकडे मोसंबीची पाटी पाठवली होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. मी ते सारे वाचले, पण अरबी मला येत नाही. उच्चार शिकवले, अर्थ शिकवला नाही. सातवीत असताना मी आपांना विचारले की याचा अर्थ केव्हा शिकवणार? त्या म्हणाल्या, "बेटी, मलाही कुणी शिकवला नाही." त्यांच्या उत्तरातील प्रामाणिकपणाचे मोल मला आता कळते. अलीकडे मुंबईच्या इदारा-ए-दीनियात या संस्थेची वर्गवार पुस्तके अनेक मकतबांत आली आहेत, त्यांत अर्थाला आणि आचरणाला जास्त जागा आहे. तरी पाठांतर हाच मकतबाचा कणा आहे.

मकतबाचा खर्च मोहल्ला चालवतो. सरकारचा त्याच्याशी संबंध येत नाही, आणि खरे म्हणजे प्रश्नही येत नाही, कारण मकतब शाळेच्या आड येत नाही. घड्याळ सांभाळले की झाले. प्रश्न येतो तो पूर्णवेळ मदरशाचा.

मदरशात मुख्यतः दोन प्रकारचे शिक्षण असते. एक 'हिफ्ज', म्हणजे संपूर्ण कुराण मुखोद्गत करणे. ११४ सूरा, सहा हजारांहून अधिक आयती. रोज नवा पाठ (सबक), जवळच्या पाठांची उजळणी आणि जुन्याची उजळणी, असे तिन्ही चालते. यास तीन वर्षे आणि कधी अधिकही लागतात. पूर्ण करणारा 'हाफिज' होतो. त्याच्या डोक्यावर सर्वांसमक्ष पगडी बांधतात, तिला दस्तारबंदी म्हणतात. दुसरा 'आलिम' होण्याचा सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम. त्याचे मूळ 'दर्स-ए-निजामी'त आहे. लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात तो बसवला. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, हदीस, कुराणाचे भाष्य असे विषय त्यात असतात. गंमत अशी की तो घडला तेव्हा त्यातून मौलवींइतकेच काझी आणि दरबारी अधिकारीही तयार होत असत. म्हणजे तो त्या काळचा नोकरीचाच अभ्यासक्रम होता. दरबार गेले, इंग्रजी आली, आणि तोच अभ्यासक्रम केवळ धर्माचा उरला.

१८६६ साली देवबंदचे दारुल उलूम स्थापन झाले. नवाबांच्या मेहेरबानीवर न राहता लोकवर्गणीवर चालायचे, ठराविक वर्ग, वार्षिक परीक्षा, वसतिगृह, ही घडी त्यांनी बसवली, आणि ती बरीचशी इंग्रजी कॉलेजांसारखीच होती. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला नेमकी दुसरी वाट धरली. इकडे मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तय्यबजी पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनची जी देखणी इमारत दिसते, ती शाळा आहे. कित्येकांना ती दर्गा किंवा मशीद वाटते.

आपल्या जिल्ह्यात मदरशांचे मोठे ठिकाण म्हणजे मालेगाव. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील विणकर मोमीन कुटुंबे तेथे येऊन वसली, आणि मागासोबत आपली उर्दू आणि आपले मदरसेही घेऊन आली. माहद-ए-मिल्लत, मनसुरा येथील जामिया मोहम्मदिया ही तेथील नावे दूरवर माहीत आहेत. मुलींसाठी निवासी असलेला जामियातुस् सालिहातही तेथेच आहे. मनसुराच्या आवारात युनानी वैद्यकाचे महाविद्यालयसुद्धा आहे. त्याहून मोठा पसारा नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याचा. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली तेथे आदिवासी मुलखात मदरसा काढला. त्याच संस्थेने पुढे शाळा, तंत्रशिक्षण आणि जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालयही उभे केले. २०११ च्या जानेवारीत वस्तानवी देवबंदचे कुलगुरू निवडले गेले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना दूर करण्यात आले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. मदरशाच्या भिंतीला लागून डॉक्टरकीचा वर्ग चालू शकतो, हे त्यांनी खानदेशात प्रत्यक्ष दाखवले, एवढे मात्र कोणी नाकारणार नाही.

पण सर्व मदरसे अक्कलकुव्यासारखे नसतात. माझ्या मोठ्या भावाची गोष्ट सांगते. पाचवी झाल्यावर त्याला दुसऱ्या जिल्ह्यातील एका मदरशात हिफ्जसाठी ठेवले. अब्बांनी तसे का केले? अम्मीचा नवस होता, घरात एक तरी हाफिज व्हावा. हाफिजाला समाजात मान आहे. आणि लपवण्यात अर्थ नाही, त्या वर्षी घरची परिस्थिती अशी होती की एका मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते, हाही विचार होताच. तेथे शिक्षण, राहणे, जेवण सारे मोफत. भाई सव्वा वर्ष राहिला. नऊ पारे पाठ झाले. मग कावीळ झाली आणि तो घरी आला तो परत गेला नाही.

खरी अडचण पुढे आली. तो शाळेत परत बसवायला गेला, तर मधल्या सव्वा वर्षाचा कसलाही कागद नव्हता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायला हवे, हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हते आणि तेथे कोणी सांगितलेही नाही. त्याला सहावीत बसायला सांगितले. उंच झालेला मुलगा लहान मुलांत बसेना. तो गाडीवर अब्बांच्या मदतीला उभा राहिला. पुढे शेजारच्या एका सरांनी 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून दहावीला बसता येते हे सांगितले, आणि भाई दुसऱ्या प्रयत्नात दहावी झाला. आज रमजानमध्ये तरावीहच्या नमाजेत पढणाऱ्याची त्या नऊ पाऱ्यांत कोठे चूक झाली, तर मागच्या रांगेतून बरोबर शब्द भाईच पुरवतो. तेवढ्यापुरता तो कोणाहून कमी नसतो.

म्हणून या विषयावरील सरकारी निर्णय मी जरा निराळ्या नजरेने वाचते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा व मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना कायद्याबाहेर ठेवण्यात आले. २०१३ साली महाराष्ट्र सरकारने डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाने योजना आणली. जे मदरसे गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी शिकवतील त्यांना शिक्षकांचे मानधन आणि ग्रंथालयादी सोयींसाठी मदत, असे तिचे स्वरूप. २०१५ च्या जुलैत याच राज्यात असे ठरले की जे मदरसे हे विषय शिकवीत नाहीत त्यांना शाळा समजायचे नाही आणि तेथील मुले 'शाळाबाह्य' मोजायची. मोठा गदारोळ झाला. धर्मस्वातंत्र्यावर घाला, असे एक बाजू म्हणाली. मुलांचे भले, असे दुसरी म्हणाली. माझ्या मते भाईसारख्या मुलाच्या बाबतीत 'शाळाबाह्य' हा शब्द खोटा नव्हता. मात्र तो शब्द मोजणीच्या तक्त्यात लिहून पुढे काय केले, हा प्रश्न उरतो. एका कायद्याने मदरसा बाहेर ठेवला, दुसऱ्या निर्णयाने त्यातील मूल बाहेर मोजले. पण तेच मूल परत आत कसे यायचे, हे त्या मुलाच्या आईबापांना समजेल अशा भाषेत कोणी सांगायचे?

हा वाद नवाही नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणावर स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यांत देशी मुस्लिम शाळांना लौकिक विषय शिकवण्यासाठी उदार हस्ते उत्तेजन द्यावे, अशी एक शिफारस होती. म्हणजे मदरशात गणित असावे की नसावे, यावर आपण जवळजवळ दीडशे वर्षे बोलत आहोत. दरम्यान ज्यांना मार्ग हवा होता त्यांनी तो काढला. हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ काही मदरशांची प्रमाणपत्रे प्रवेशासाठी मानते. अलीगढ विद्यापीठाने २०१३ साली मदरशातील पदवीधरांसाठी एक वर्षाचा जोडअभ्यासक्रम सुरू केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, मात्र 'कामिल' व 'फाजिल' या पदव्या त्यातून वगळल्या, कारण उच्च शिक्षणाच्या पदव्या देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली येतो.

इतके लिहिल्यावर वाचकांना वाटेल की मदरसा हाच मुसलमान मुलांच्या शिक्षणाचा मुख्य प्रश्न आहे. तसे नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात दाखवले की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण ३ टक्केच मुले मदरशात असतात. मकतब आणि मदरसा यांची लोक गल्लत करतात, हेही त्या अहवालात म्हटले आहे. मग उरलेल्या ९७ मुलांच्या घरी रात्री जेवणानंतर कशावर वाद होतो? आमच्या घरी, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरी, तो वाद भाषेवर होतो. उर्दू, मराठी की इंग्रजी?

उर्दू शाळा म्हणजे धार्मिक शाळा, हा समज माझ्या कित्येक मैत्रिणींचा आहे. तो पूर्ण चुकीचा आहे. महाराष्ट्रात उर्दू शाळा महानगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित खाजगी संस्थांच्या आहेत. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके छापते. चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास उर्दूतूनही तोच आहे, फक्त पाने उजवीकडून उलटतात. घटनेच्या कलम २८ प्रमाणे संपूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, मग माध्यम कोणतेही असो. आणि कलम ३५० क, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. नाशकात सारडा सर्कलजवळच्या नॅशनल उर्दू हायस्कूलमध्ये मुले हाच राज्य मंडळाचा अभ्यास करून दहावीला बसतात.

उर्दू शाळेचे मोठे बळ म्हणजे मुलीला घरातून बाहेर पडायला तेथे कोणी हरकत घेत नाही. शाळा मोहल्ल्यात असते, शिक्षिका ओळखीच्या असतात. माझ्या मावसबहिणी उर्दू शाळा नसत्या तर चौथीपुढे गेल्याच नसत्या, हे मी खात्रीने सांगते. पण दहावीनंतर काय होते? अकरावीला त्या मराठी वा इंग्रजी वर्गात येतात. ज्याला त्या 'जम्हूरियत' म्हणत आल्या ते आता 'लोकशाही' होते, 'जुगराफिया'चा 'भूगोल' होतो, 'मुसल्लस'चा 'त्रिकोण'. विषय समजलेला असतो, त्याचे नाव नव्याने पाठ करावे लागते. माझी एक मावसबहीण सहामाहीला राज्यशास्त्रात नापास झाली आणि तिने कॉलेज सोडले. तिला राज्यशास्त्र येत नव्हते असे मी म्हणणार नाही. पुढेही लोकसेवा आयोगाच्या राज्य परीक्षा मराठी-इंग्रजीतूनच आहेत. वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८ पासून उर्दूतूनही देता येते.

माझे शिक्षण मराठीतून झाले, ते काही तत्त्व म्हणून नव्हे. मराठी शाळा घराच्या दारात होती आणि उर्दू शाळेकडे जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागे, एवढेच कारण. त्याचा लाभ मला मिळाला. आज मी हा लेख लिहू शकते. हमीद दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यांनी १९७० साली पुण्यात स्थापन केले. मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेत शिकावे, असे ते आग्रहाने सांगत. कोकणी मुसलमानांच्या घरची बोली मराठीच्या इतकी जवळ की त्यांना ते स्वाभाविक वाटले असणार. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही हीच जाणीव होती की आपली भाषा मराठी आहे. मला दलवाईंचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. माझी नानी मालेगावची. ती मोबाईलवर उर्दूत संदेश पाठवते. मला कुराणाची अक्षरे वाचता येतात, पण झरझर लिहिलेली उर्दू वाचता येत नाही. नानीचा संदेश मी भाईकडून वाचून घेते. मालेगावच्या मुलाला "उर्दू सोड" म्हणणे म्हणजे त्याला त्याच्या नानीपासून तोडणे आहे, हे दलवाईंना कोणी सांगितले असेल का, असे मला कधी कधी वाटते.

राहता राहिले इंग्रजी माध्यम. हल्ली मोलमजुरी करणारेही मुलाला तेथे घालू पाहतात. त्याविषयी माझ्यापेक्षा तुम्हा सर्वांना जास्त माहीत आहे, कारण हा प्रश्न सर्व समाजांत सारखाच आहे. फरक इतकाच की इंग्रजी शाळा वडाळा-चौक मंडईपासून दूर असतात आणि त्यांची बस पहाटे येते.

ही ओढाताण केवळ आपल्याच देशात आहे काय, हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात थोडे अमेरिकेविषयी वाचले. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर तेथे आशियातून डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले, त्यांत मुसलमानही होते. तेथील सरकारी शाळा मोफत, पण धर्मशिक्षणास पूर्ण बंद. शाळेच्या इमारतीत धर्माचे वर्ग घेणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली घटनाबाह्य ठरवले. १९५२ साली मात्र पालकांच्या संमतीने मुलांना शाळेच्या वेळात बाहेर धर्मवर्गाला सोडण्यास त्याच न्यायालयाने मान्यता दिली. तेथे रोज पहाटेचे मकतब शक्य नाही, कारण मशीद मोटारीने गाठावी लागते. म्हणून मुले रविवारी मशिदीतील शाळेत जातात. ज्यांना ते अपुरे वाटते ते फी भरून पूर्णवेळ इस्लामी शाळेत घालतात, तेथे गणित-विज्ञानासोबत कुराण असते. काहीजण मुलांना घरीच शिकवतात; १९९३ पर्यंत सर्व राज्यांत त्यास कायद्याची मोकळीक मिळाली होती. कृष्णवर्णीय मुसलमानांच्या एका पंथाने तर १९३० च्या दशकातच डेट्रॉईटला स्वतःची शाळा काढली होती आणि १९३४ साली तेथील अधिकाऱ्यांनी तिच्यावर कारवाई केली. 'शाळा' कशाला म्हणावे, हा तंटा तेथेही चुकला नाही.

त्या रविवारच्या शाळांबद्दल वाचताना मला तेथील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा आठवल्या. त्याही सुटीच्या दिवशी भरतात, तेथेही पालक आळीपाळीने शिकवतात, आणि मुले तेथेही "झोपू द्या ना" म्हणत असतील. आठवडाभर मूल दुसऱ्यांच्या जगात शिकते आणि एक दिवस त्याला घरचे काही द्यायचे, ही धडपड दोन्हीकडे एकच. फक्त एक गोष्ट तेथील मुसलमान आईबापांना सोपी आहे. शाळा कोणतीही असो, तिची भाषा इंग्रजी. माध्यमाचा वाद त्यांच्या घरी होतच नाही. आमच्या घरी तो चालू आहे.

माझा धाकटा भाऊ यंदा सहा वर्षांचा झाला. अम्मी म्हणते उर्दू, कारण नानी. अब्बा म्हणतात इंग्रजी, कारण भाई. मी मराठी म्हणते, पण माझे मत दोघेही हसून सोडून देतात. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांच्या सोडतीसाठी मी स्वतः कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसून त्याचा फॉर्म भरला आहे. नाव लागले तर फी माफ, बसचे भाडे घरचे.

परवा अब्बा त्या शाळेत चौकशीला गेले होते. येऊन त्यांनी गाडीवरचा हिशेब लिहितात त्या वहीत वेळ टिपून ठेवली. बस चौकात सहा वाजून चाळीस मिनिटांनी येते. मशिदीतले मकतब साडेसहाला सुरू होते. दादीने ते ऐकले आणि ती दुसऱ्याच दिवशी आपांना विचारून आली की संध्याकाळी, मगरिबनंतर, मुलग्यांनाही बसू देतील का. आपा म्हणाल्या, दहा वर्षांच्या आतला असेल तर पाठवा.